मेलबर्नहून आलेली मान

"ईस्टरला येतोयस ना रे?" राडकाने फोनच्या पडद्याला जवळजवळ नाक टेकवून विचारलं. तिचा आवाज मेलबर्नला पोचला, पण तिकडचं उत्तर काही प्लोव्हदिव्हला पोचलं नाही. दिसली ती फक्त लेकाची, मोम्चिलची मान. वर-खाली, वर-खाली. मग चित्रही गेलं.

आमच्या प्लोव्हदिव्हकडे मान आडवी हलली की होकार आणि वर-खाली झाली की साफ नकार. राडकाचा चेहरा पडला.

"नाही म्हणाला," ती नवऱ्याला म्हणाली, "आणि तेही हसत हसत!"

"अगं, दिवसभराचा प्रवास, त्यात दोनदा विमान बदलायचं," त्सान्को समजूत घालू लागला. "पोरगा काय कोपऱ्यावरच्या दुकानात आहे?"

"चंद्रावर गेलेली माणसंसुद्धा परत आली!"

चार वर्षं तिने लेकाला पडद्यावरच पाहिलं होतं. त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला ती आसुसली होती. सणाला रिकामं घर खायला उठेल, म्हणून तिने सांगितलेलं कोकराचं मटण रद्द केलं, अंडी रंगवलीच नाहीत आणि नवऱ्याला गाडीत घालून समुद्रकाठी बुर्गासला बहिणीचं घर गाठलं. शनिवारी दुपारी तिथे फोन वाजला.

"आई, दार उघड ना."

"कुठलं दार?"

"आपलं! केव्हाची बेल वाजवतोय."

"मेल्या, तू तर नाही म्हणालास! चांगली मान हलवलीस की!"

"हो म्हणालो गं! तिकडे अशीच हलवतात."

राडकाच्या मनात आलं, पोराची मानसुद्धा परकी झाली होती.

"शेजारी त्स्वेताकाकूकडे बस, आलोच आम्ही!"

आलोच म्हणणं सोपं होतं. रस्त्यावर सणाची ही गर्दी! अर्धी पृथ्वी ओलांडून पोरगा दारात आला होता आणि आईबापांचे अडीचशे किलोमीटर काही केल्या संपत नव्हते.

"उडव की जरा गाडी!"

"पंख घरी राहिले," त्सान्को म्हणाला.

ते पोचले तेव्हा मोम्चिल काकूच्या कोचावर घोरत होता. राडकाने त्याचं डोकं कुरवाळलं आणि पोटभर रडून घेतलं.

"किती दिवस आहेस रे?" त्सान्कोने विचारलं.

"मंगळवारी निघायचंय, बाबा," मोम्चिल डोळे न उघडताच पुटपुटला. "सुट्टीच तेवढी मिळाली."

"अरे, मग आलास कशाला? ती तर जाण्यायेण्यातच संपली!" त्सान्को हळहळला. राडकाने मात्र लेकाने काढून ठेवलेली पँट आणि जाकीट उचललं, घरी नेलं आणि धुलाई यंत्रात कोंबलं.

ईस्टरच्या सकाळी अंगणातून आरोळी आली. "आई! जाकिटात माझा पासपोर्ट होता!"

पासपोर्टाचा लगदा झाला होता. त्यातला मोम्चिल पांढराफटक पडला होता.

"आता नवा काढायचा म्हणजे दोन-तीन आठवडे तरी गेले!"

"अगंबाई! माझं मेलीचं लक्षच नव्हतं," राडका म्हणाली आणि गोड पावाचं पीठ मळायला बसली.

त्सान्को तिच्याकडे बघतच राहिला. उभ्या संसारात या बाईने खिसे चाचपल्याशिवाय त्याचा साधा सदराही कधी पाण्यात घातला नव्हता.