ओटीवरची मित्रमंडळी

आमच्या शेजारचे म्हात्रे सर कुणालाही "जेवलास का?" असं विचारत नाहीत. ते विचारतात, "नेटवर तुझे मित्र किती हाईत?" पोस्टमनला विचारतात, मासळीवालीला विचारतात. एकदा दात काढायला गेले, तर तोंडात कापूस जायच्या आत डॉक्टरलाही विचारून घेतलं.

आकडा सांगितला की सर हसून म्हणतात, "तुझ्या मित्रांना तुझ्यापेक्षा जास्त मित्र असणार बघ." यावर माझ्या सासूबाई चांगल्याच फुगून बसल्या. मग सरांनी समजूत घातली, "अवो वैनी, ज्याची गावभर ओळख तो सगळ्यांच्याच यादीत सापडतो. घुम्या माणूस कुणाच्या यादीत असणार? मॉडेल बोलतंय, मी न्हाय!"

सर अलिबागला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. तिथे भाषा इस्त्रीची, आळीत आले की आमच्या चौलची. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात. सरांनी मॉडेल धरलं. नेटवर माणसांना मित्र कसे मिळत जातात, त्याचं. कॉम्प्युटर डोळ्यांना सोसेना, म्हणून वाडीतल्या सुपाऱ्या ओटीवर मांडल्या. एक ढीग म्हणजे एक माणूस, एक सुपारी म्हणजे त्याचा एक मित्र. नवी सुपारी कुठे टाकायची ते चिठ्ठी काढून ठरायचं, पण ढीग जेवढा मोठा तेवढ्या त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या जास्त. संध्याकाळपर्यंत दोन डोंगर उभे राहायचे आणि बाकीचे बिचारे एकेका सुपारीवर. "बघा, गर्दीला गर्दी चिकटते!" म्हणून सर टाळी द्यायचे. म्हात्रेकाकूंनी एकदा केर काढताना अख्खं नेट सुपात भरून व्यापाऱ्याला देऊन टाकलं, तेव्हा सर रात्री जेवलेच नाहीत.

यंदाच्या गणपतीत मात्र मला त्या मॉडेलचा संताप आला. आळीच्या टोकाला नंदा सिस्टर एकटी राहते. आरोग्य केंद्रात नर्स, मूळची लातूरकडची. तिनं इथे पहिल्यांदाच दीड दिवसाचा गणपती आणला आणि आळीला पुरेल एवढा शिरा केला. आमची आरतीची मंडळी घरोघर फिरतात. पण ट्रकवाल्या पाटलांकडे ढोलकी, झांजा आणि गरम वडे. तिथे रमली ती रमलीच. पाहुण्यांचं उरकून मी नंदाकडे पोचले, तेव्हा ती झाकलेलं पातेलं घेऊन बसली होती. आरती आम्ही दोघींनीच म्हटली. "ताई, उद्या विसर्जन. बाप्पाला समुद्रावर मी एकटीनंच न्यायचं का?" तिनं विचारलं.

सरांना हे सांगितलं, तर म्हणतात, "अगदी मॉडेलपरमानं जालं!" जीव जळला माझा.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघते, तर नंदाच्या दारात चपलांचा खच. पाटलांकडे निघालेली मंडळी थबकली. "हितं कसली गर्दी रं?" म्हणत एकेक जण आत शिरला. मीही शिरले. आत नंदा आणि म्हात्रे सर, दोघंच. सर जीव तोडून झांजा कुटत होते. चपलांमध्ये सासूबाईंची सकाळपासून हरवलेली जोडी होती, आणि सरांचे कॉलेजातले जुने बूटसुद्धा.

"सर, ही लबाडी झाली," मी कानात पुटपुटले.

"मॉडेल चालू करताना पयला मित्र हातानंच ठेवायला लागतो गं," सर म्हणाले आणि पुढची आरती उचलली.

शिरा पुरला नाही. मोरयाच्या गजरात अख्खी आळी नंदाच्या बाप्पाला घेऊन समुद्रावर गेली. परतताना रिवाजाप्रमाणे रिकाम्या पाटावर मूठभर वाळू घेतली. घर जवळ येईल तशी नंदा मागे मागे रेंगाळायला लागली. गणपती गेल्यावर कुणाचंही घर सुनंच वाटतं, हिच्या घरात तर वाट बघायलाही कुणी नव्हतं.

पण दार उघडं होतं. आत समई तेवत होती आणि म्हात्रेकाकू पायांवर घालायला पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यापाशी उभ्या होत्या.

"मिरवणूक निघाली तसं मला हितं बसवून गेले," काकू म्हणाल्या. "म्हणाले, पोर रिकामा पाट घेऊन बंद दारात न्हाय आली पाहिजे."

नंदा काकूंच्या गळ्यात पडून रडली. माझेही डोळे भरून आले. बाहेर अंगणात सर एकेक चपलेची जोडी हातात धरून ओरडत होते, "ही कुनाची? बोला लवकर!"