रंगूतात्यांची एकचाकी गाडी

आमच्या पणदऱ्यातल्या रंगूतात्यांच्या गाडीला एकच चाक आहे, आणि त्या चाकाशिवाय गाडीला दुसरं काहीच नाही. सायकलचा जुना टायर आणि तो पळवायला बाभळीची काठी, एवढीच गाडी. तात्यांचं वय सदुसष्ट. दारात मुलाचा ट्रॅक्टर आहे, मोटारसायकल आहे. पण डेअरीवर दूध घालायचं असो, दाढीला जायचं असो की मयतीला, तात्या टायर पळवतच जाणार. मयतीला मात्र हॉर्न देत नाहीत. हॉर्न तोंडाचा असला म्हणून काय झालं, माणसाला रीतभात हवी.

दसऱ्याला झेंडूचा पहिला हार टायरला, उरला तर ट्रॅक्टरला. काठीला लिंबू-मिरची. एकदा मी रस्त्याने चाललो होतो, तर तात्या शेजारी येऊन थांबले. ब्रेकचा आवाजही त्यांनीच काढला.

"लेखकराव, फाट्यापोत्तर सोडतो. चला."

"बसू कुठं, तात्या?"

"बसायचं कशाला? मागनं पळा की!"

मी पळालो. फाट्यावर मी धापा टाकत असताना त्यांनी आपुलकीने विचारलं, "खड्ड्यात हाबकं बसलं न्हाईत न्हवं?"

मी पुस्तकं लिहितो. पंचवीस वर्षं पुण्यात काढली आणि लिहिणं आटलं, तसा गावी परत आलो. तात्यांचं घर शेजारीच. मी ओसरीवर बसून एकच वाक्य चौथ्यांदा खोडत होतो, ते त्यांनी कुंपणावरून पाहिलं.

"ढकलताय तुमी," ते म्हणाले. "ढकलला की टायर पडतो. काठी नुसती टेकवायची. मग त्यो जातोय तितं आपुन जायाचं."

समीक्षकांनी मला इतकं उपयोगाचं कधी सांगितलेलं नाही. त्या दुपारी, लहानपणी चपलेची होडी करून पाटाच्या पाण्यात सोडली आणि अनवाणी घरी येऊन मार खाल्ला, त्यावर मी चार पानं लिहिली. किती दिवसांनी लिहिताना हसू आलं! तेव्हापासून तात्यांना मी गुरुस्थानी मानतो, फक्त त्यांच्या गाडीतून जात नाही.

त्यांची एक खोड मात्र कळत नव्हती. घरी आले की तात्या फाटकाशी उलटे वळून गाडी रिव्हर्समध्ये आत घेत. टायरला पुढचं-मागचं काय असतं, हे विचारायची सोय नाही. निम्म्यात आले की थांबत आणि कुणीतरी "बास" म्हणेपर्यंत तसेच उभे राहत. जाणारा-येणारा म्हणून टाकी. कुणीच नसलं तर माझी बायको सुनंदा स्वयंपाकघरातून ओरडायची, "बास, तात्या!" मग इंजिन बंद होई. एकदा आम्ही दोघं लग्नाला बारामतीला गेलो होतो. दुपारी परत येऊन पाहतो तर तात्या टायर धरून फाटकातच!

"कधीपासून उभे आहात?"

"किलींडर नसला की असं हाल व्हत्यात," तात्या म्हणाले. किलींडर म्हणजे गाडीचा क्लीनर.

हा किलींडर कोण, ते सुनंदाने शोधून काढलं. बायकांना या गोष्टी पाणी भरता भरता कळतात. तो म्हणजे तात्यांचा धाकटा भाऊ किसन. लहानपणी दोघांत हा एकच टायर. दादा चालवणार, किसन मागून पळणार आणि "येऊं दे, येऊं दे, बास" म्हणत गाडी लावून देणार. पुढे दोघांचे संसार झाले, वाटणीची वेळ आली. जमीन, विहिरीचं पाणी, म्हशी, पितळेची भांडी, सगळं अर्ध्या दिवसात बिनबोभाट वाटलं गेलं. पंच चहा घेऊन उठणार, इतक्यात किसन म्हणाला, "टायर मला."

"टायर माजा हाय," तात्या म्हणाले.

पंच हसले. एकाने कापून निम्मा-निम्मा करा म्हणूनही सुचवलं. पण हे दोघं हसले नाहीत. किसन म्हणाला, "जलमभर मागनंच पळालो. एकदाबी काठी माज्या हातात दिली न्हाय ह्यानं." आणि आपला वाटा खंडानं कसायला देऊन तो मुलाकडे इंदापूरला निघून गेला. बारा वर्षं दोघं बोलले नाहीत. लोक बांधावरून भांडतात, पाण्यावरून डोकी फोडतात. यांचं सख्खं नातं सायकलच्या टायरवरून तुटलं होतं, आणि तोही पंक्चर काढायच्या लायकीचा नव्हता.

मागच्या महिन्यात तात्या सकाळीच अंघोळ करून माझ्या दारात आले. टायर धुतलेला.

"किसनाच्या गुडघ्याचं आपरेशन झालंय. चालाय येत न्हाय. इंदापूरला जायाचं. तुमी संगं चला."

"मग टायर कशाला?"

"चालाय येत न्हाय म्हणल्यावर गाडी नको व्हय त्याला?"

बारामतीहून इंदापूरच्या एसटीत बसलो. कंडक्टरने टायरचं लगेज मागितलं. तात्या म्हणाले, "हे लगेज न्हाय, गाडी हाय." कंडक्टर म्हणाला, "गाडी असंल तर चालवत या की." तात्या खरोखर उतरायला उठले. मी तिकीट काढलं.

इंदापूरच्या स्टँडपासून पुढे मात्र त्यांनी ऐकलं नाही. ते पुढे हॉर्न देत, मी पिशवी घेऊन मागे. माझं वय बावन्न. चौकात त्यांनी हात दाखवून एका ट्रकला साइड दिली आणि ट्रकवाल्याने ती घेतली.

किसन अंगणात खुर्चीवर होता, पुढ्यात वॉकर. त्याने आम्हाला पाहिलं आणि तोंड फिरवलं. तात्यांचा हॉर्न बंद झाला. ते फाटकाशी उलटे वळले, निम्म्यात आले आणि थांबले. माझ्या ओठांवर "बास" आलं होतं, मी ते गिळलं. आपण बोलायची ती जागा नव्हती. बारा वर्षांची भीती त्या पाठीवर दिसत होती आणि मला रडू येत होतं.

"डावीकडं काप," किसन भिंतीकडे बघत म्हणाला. "आनखी. येऊं दे. येऊं दे, दादा… बास!"

तात्यांनी गाडी लावली. मग भावासमोर जाऊन काठी पुढे केली. "धर. चुकलंच माजं. आता तू चालव."

परत येताना एसटीत तात्या रिकामे हात मांडीवर ठेवून बसले होते. मला वाटलं, म्हातारा आता खचणार.

पण आता रोज संध्याकाळी पाचला त्यांचा फोन वाजतो. डॉक्टरांनी किसनला रोज थोडं चालायला सांगितलंय. वॉकर नातू धरतो की सून, कोण जाणे, पण किसन टायर घेऊन अंगणाला एक फेरी मारतो. आणि इकडे पणदऱ्यात तात्या फोन कानाला लावून, फाटकाबाहेरच्या मोकळ्या रस्त्याकडे बघत ओरडतात, "येऊं दे, किसना… येऊं दे… येऊं दे…"

'बास' म्हणायला मात्र हल्ली ते फार वेळ लावतात.