घरच्या शाळेतला केळीचा खुंट

मुलीला घरी शिकवायचं ठरवलं, तेव्हा मी सगळ्या किटाले गावभर छाती काढून फिरत होतो! कुणी नुसतं "काय सिफुना, पोरगी कितवीत?" असं विचारलं, की मी हातातलं बियाण्याचं पोतं खाली ठेवायचो आणि भाषण सुरू करायचो. मक्याचं बी घ्यायला आलेली माणसं बी न घेताच पळून जायची. पण मला त्याचं काही नव्हतं. देशाचं भवितव्य महत्त्वाचं की धंदा?

कारणही तसंच घडलं होतं. मुलीचं नाव नांजाला. ती शाळेत जायची तेव्हा एकदा तपासणीला साहेब येणार होते. बाईंनी सगळ्या वर्गाकडून घोकून घेतलं, "आम्हाला रोज दूध मिळतं!" त्या शाळेत दूध कुणी लांबूनही पाहिलं नव्हतं. आमच्या पोरीने साहेबांसमोर हे ठणकावून सांगितलं आणि घरी येऊन म्हणाली, "बाबा, सगळ्यात छान खोटं मीच बोलले! हे बघा, बाईंनी मला पेन्सिल दिली!"

मी तिचं दप्तर त्याच संध्याकाळी खुंटीला टांगलं. माझ्या घरात पोरगी खरं तेवढंच शिकेल, असं बायकोला निक्षून सांगितलं.

बायको, म्हणजे नलियाका, दवाखान्यात नर्स आहे. ती म्हणाली, "आणि शिकवणार कोण? मी दवाखान्यात, तुम्ही दुकानात."

"मी शिकवीन! फोनवरून!"

"मग मीही उद्यापासून फोनवरूनच सुया टोचते," असं म्हणून ती कामावर गेली.

आम्हा घरी शिकवणाऱ्या आईबापांचा फोनवर एक गट आहे. त्यात दिवसभर सल्ले वाहत असतात. मूल पाढे म्हणत नाही, काय करू? मूल झाडावरून उतरत नाही, काय करू? या गटाची अनभिषिक्त राणी म्हणजे जेरोपची आई. तिची जेरोप सोमवारी मधमाश्यांची पेटी बनवते, मंगळवारी चीज करते आणि बुधवारी म्हाताऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवते. आमची नांजाला त्या आठवड्यात शेळीला सातचा पाढा शिकवत होती. शेळी पाचापर्यंत आली होती, असं नांजालाचं म्हणणं.

जेरोपच्या आईचा सल्ला एकच. "मुलांना शिकवू नका. त्यांच्या हातात फावडं द्या." मी मनात म्हटलं, थांब बाई! असा प्रयोग करून दाखवतो, की तुझं चीज फिकं पडेल. आणि मी नांजालाला प्रयोग दिला. मातीत पुरलेली वस्तू कुजायला किती वेळ लागतो?

पुढचं कळायला माझ्या भावाबद्दल सांगितलं पाहिजे. माझा थोरला भाऊ खाएम्बा बोटीवर काम करायला म्हणून मोम्बासाला गेला. सुरुवातीला फोन यायचे, मग कमी झाले, मग नंबरच लागेना. बरीच वर्षं झाली. बोट बुडाली असं कुणी म्हणालं, त्याने तिकडेच संसार थाटला असं आणखी कुणी म्हणालं. खरं कुणालाच माहीत नाही.

आमच्या लोकांत असा माणूस मेला असं एकदा ठरलं, की त्याच्या नावाने, प्रेताच्या जागी केळीचा खुंट पुरतात. रडतात, डोकी भादरतात आणि सुटतात. मकोखाकाका आमच्या भावकीतले थोरले. ते दर वर्षी येऊन माईला, म्हणजे आमच्या आईला, सांगायचे, "आता पुरू या गं खुंट. त्याला तिकडे आणि आम्हाला इकडे मोकळं कर." आणि दर वर्षी माई त्यांना चहा पाजून वाटेला लावायची. अंगणात खाएम्बाची वेगळी झोपडी आहे. ती माई दर शनिवारी शेणाने सारवायची. त्याचा तपकिरी कोट खिळ्याला होता, तो उन्हात टाकायची आणि परत टांगायची. आम्ही ते बघायचो आणि आपापल्या कामाला लागायचो.

तर, प्रयोगाचा दिवस. माई बाजाराला गेलेली, नलियाका दवाखान्यात आणि मी दुकानात गिऱ्हाइकांच्या गराड्यात. नांजालाचा फोन आला.

"बाबा, काय पुरू?"

"लवकर कुजेल असं एखादं झाडझुडूप पूर. आणि मुळासकट उपट गं, अर्धवट काम नको!"

पुन्हा फोन. "बाबा, कुठे पुरू?"

"माती मऊ असेल तिथे."

पुन्हा फोन. "बाबा, ते फडक्यात गुंडाळू का? म्हणजे नंतर सगळं एकत्र सापडेल."

वा! काय डोकं! "गुंडाळ की! कुणी वापरत नसेल असं काहीतरी घे!"

पुन्हा फोन. "बाबा, कोंबड्या उकरतायत."

"वर दोन काठ्या बांधून रोवून टाक, आणि आता मला धंदा करू दे!"

थोड्या वेळाने तिने फोटो पाठवले. हातात खतांची थैली असल्यामुळे मी ते नीट पाहिलेही नाहीत. तसेच गटावर पुढे ढकलले आणि खाली लिहिलं, "आज आमच्या अंगणात! सगळं मुलीने एकटीने केलं. आम्हाला फार अभिमान वाटतो!"

लगेच उत्तरं यायला लागली. जेरोपच्या आईने विचारलं, "छान! हे कितव्या वर्षापासून जमेल?" मी खूश! मग सिमियूच्या बाबांचं आलं. ते आमच्याच लोकांतले. "देव तुम्हाला बळ देवो. एवढ्या लहान मुलीकडून करून घेतलंत, ते मात्र बरं नाही केलं." मला वाटलं, गडी जळतोय. मग आणखी एकाचं आलं, "शेवटी निर्णय घेतलात. माईंना सांभाळा."

माईंना? मी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला.

मऊ माती म्हणून पोरीने अंगणातल्या माझ्या वडिलांच्या थडग्याशेजारची जागा निवडली होती. लवकर कुजणारं म्हणून घड उतरवलेली केळ, तीही आज्ञेप्रमाणे मुळासकट. कोंबड्यांसाठी रोवलेल्या काठ्यांचा चांगला क्रूस झाला होता. आणि खड्ड्यातल्या खुंटाला गुंडाळलं होतं खाएम्बाच्या कोटात! कुणी वापरत नव्हतं ना तो.

मी दुकान तसंच उघडं टाकून मोटारसायकलवाल्याला म्हटलं, "हाण!" माई यायच्या आत ते उकरून, कोट झटकून खिळ्याला अडकवायचा, एवढंच डोक्यात होतं. पण सिमियूचे बाबा गप्प बसणाऱ्यातले नव्हेत. आमच्या वळणावर पोचलो, तर बायका रडत रडत रस्त्याने येत होत्या. एकीच्या डोक्यावर मक्याचं पीठ, दुसरीच्या काखेत कोंबडी. अंगणात खुर्च्या मांडून झाल्या होत्या! दुःखात माणसं मदतीला कशी धावून येतात हे मी कित्येकदा ऐकलं होतं. त्या दिवशी वाटलं, देवा, एखाददुसरा तरी आळशी ठेवायचास!

मकोखाकाकांनी मला मिठी मारली. "शहाणा झालास रे! भावकीला विचारलं नाहीस, पण असू दे."

"काका, हे तसलं नाही! हा पोरीचा गृहपाठ आहे!"

काकांनी मला दूर धरून माझ्या तोंडाकडे पाहिलं. "पोरगी शाळेत जात नाही, तिला कसला रे गृहपाठ? दुःखाने हा भ्रमिष्ट झालाय. पाणी द्या याला कुणीतरी!"

मी फावडं उचललं आणि खणायला लागलो. बायकांनी असा हंबरडा फोडला, की शेळी दावं तोडून पळाली. "उकरतोय! भावाला उकरतोय!" दोघांनी मला मागून धरलं. मी ओरडतोय, "खुंट आहे! नुसता खुंट आहे!" काका म्हणतायत, "अरे, खुंटच असतो तो!" नांजाला एका बाजूला उभी राहून रडत होती, कारण प्रयोग मध्येच उघडला तर निकाल चुकतो, असं मीच तिला शिकवलं होतं.

आणि फाटकात माई उभी होती. डोक्यावर बाजाराची टोपली.

मी जेवढं उकरलं होतं, त्यातून कोटाची एक बाही बाहेर आली होती. माईने टोपली खाली ठेवली, येऊन त्या बाहीपाशी बसली आणि तिच्यावरची माती झटकली.

"कुणी केलं हे?"

"मी, आजी," नांजाला म्हणाली. "किती दिवसांत कुजतं ते बघायचंय."

"कुजल्यावर काय होतं गं?"

"माती होते. मग त्यात दुसरं काहीतरी उगवतं."

मला वाटलं आता ही मला बडवणार, आणि बडवलं असतं तर बरं झालं असतं! पण तिने ती बाही हळूच आत सारली आणि हातांनी माती लोटायला सुरुवात केली.

"माई, आपण काढू या," मी म्हणालो. "चुकून झालंय. माझी चूक आहे."

"राहू दे रे. मला विचारलं असतंत तर मी कधी हो म्हटलं नसतं. मरेपर्यंत म्हटलं नसतं." तिचा आवाज अगदी साधा होता. "कुणी विचारलं नाही तेच बरं झालं. मी फार दमले रे, सिफुना." आणि मग ती रडली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मीही रडलो, अंगणातल्या खुर्च्यांवरची माणसं रडली. नलियाका दवाखान्यातून आली, तिला काहीच माहीत नव्हतं, तरी तीही रडली. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाली, "फोनवरून शिकवतायत म्हणे!"

मग रीतीप्रमाणे सगळं झालं. आणलेल्या कोंबड्या शिजल्या, मक्याच्या पिठाची उगाली झाली, डोकी भादरली. केळीच्या खुंटापायी टक्कल केलेला दुसरा मास्तर कुठल्या गटात असेल असं मला वाटत नाही.

पण खरं सांगतो, माई बदलली. ती सकाळी उशिरापर्यंत झोपायला लागली. फाटक वाजलं की मान वळवून बघायची, ते थांबलं. शनिवार आला आणि तिने शेण कालवलं नाही. उलट खाएम्बाच्या झोपडीची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाली, "पोरीची शाळा इथे भरव. व्हरांड्यात वारा लागतो तिला." आम्ही आत फळा लावला. कोटाच्या खिळ्याला नकाशा टांगला. मी गटावर लिहिलं, "आमच्या शाळेला स्वतंत्र इमारत मिळाली!" जेरोपच्या आईकडून पहिल्यांदाच काही उत्तर आलं नाही.

मग पावसाळा लागला. एका सकाळी माईने मला अशी हाक मारली, की मी तोंडात दात घासायचा ब्रश तसाच घेऊन धावलो. ती त्या ढिगाऱ्यापाशी उभी होती. दोन काठ्यांच्या मधून एक हिरवागार, गुंडाळलेल्या पानाचा कोंब वर आला होता.

"सिफुना, मेलेल्याला कोंब फुटतो का रे?" आणि माई हसली. तोंडावर हात घेऊन, लहान पोरीसारखी हसली.

मी बियाणं विकतो. केळीचा कंद मातीत राहिला की त्यातून मुनवा, म्हणजे नवा कोंब, येणारच, हे मी गिऱ्हाइकांना झोपेतसुद्धा सांगेन. आणि कंद राहिला होता, कारण मुळासकट उपट, अर्धवट काम नको, असं पोरीला सांगणारा शहाणा मीच! मी ब्रश तोंडात तसाच धरून उभा राहिलो.

दुपारपर्यंत फळा व्हरांड्यात आला होता. नकाशाही आला. मकोखाकाका कोंब बघून गेले. असं बापजन्मात ऐकलं नाही, एवढंच म्हणाले. झोपडीत माई गुडघ्यांवर बसून जमीन सारवत होती आणि गुणगुणत होती. कोपरा न् कोपरा, जणू पाहुणा वळणापर्यंत येऊन ठेपलाय.

नांजाला पट्टीने कोंब मोजून माझ्याकडे आली. "बाबा, हे कंदामुळे झालं ना? आपण कंद ठेवला होता."

"हो."

"मग आजीला सांगायला पाहिजे. निकाल खरा सांगायचा असतो."

"हळू बोल!"

पण माईने ऐकलं होतं. दारात येऊन, शेणाचे हात तसेच पुढे धरून, तिने विचारलं, "काय गं पोरी? काय सांगतेयस बापाला?"

पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणून मान हलवली. अगदी थोडीशी.

"काही नाही आजी!" नांजाला म्हणाली. अगदी ठणकावून, साहेबांसमोर उभी असल्यासारखी. "हे असं कसं उगवलं कोण जाणे, एवढंच म्हणत होते!"

माई समाधानाने आत गेली आणि पुन्हा गुणगुणायला लागली. नांजाला माझ्या समोर येऊन उभी राहिली. तिने हात पुढे केला.

"पेन्सिल?"

मी खिसे चाचपले. दुकानातलं पेन होतं, तेच तिला दिलं.