धरायची दांडी

गेल्या वर्षी एका सोमवारी, सकाळी साडेसातच्या सुमारास, आमच्या मातोश्रींनी न्हाणीघराच्या भिंतीवर धरण्यासाठी एक दांडी बसवून मिळावी, अशी तोंडी मागणी केली. मागणीची कारणे तीन होती: वय ब्याऐंशी, डावा गुडघा, आणि न्हाण्याच्या स्टुलापासून दारापर्यंतची दोन पावले ओली फरशी.

"एक दांडी ठोकून दे रे तिथे," ती म्हणाली. "हाताला आधार झाला की माझं मी न्हाईन. कुणी आत येऊन धरायला नको, की बाहेर उभं राहून 'झालं का, झालं का' करायला नको."

मी तंत्रनिकेतनाचा पदविकाधारक असून चौतीस वर्षे एका कारखान्याच्या तपासणी विभागात काढली आहेत. माझ्या सहीशिवाय त्या कारखान्यातून साधा खिळादेखील बाहेर पडत नसे. पुष्कळदा सहीनंतरही पडत नसे. साहजिकच 'ठोकून दे' हा शब्दप्रयोग मला खटकला.

"आई, दांडी ठोकत नाहीत," मी समजावले. "निवडतात."

"बरं बाबा. निवड आणि मग ठोक."

त्या दिवशी शेजारच्यांकडे नळाच्या कामाला आलेल्या मिस्त्रींनी आमच्याकडे डोकावून पाहिले आणि आपल्या पिशवीतून हातभर लांबीचा एक पाइप काढला. "अर्ध्या तासाचं काम आहे साहेब. चार स्क्रू. आजी उद्यापासून धरतील." पाइपचा व्यास किती, धातू कोणता, तपासणी कोणी केली, असे मी विचारले. मिस्त्री म्हणाले, "पाइप आहे साहेब. पाइपसारखाच." असल्या उत्तरावर मी आयुष्यात कधी सही केलेली नाही. मिस्त्रींना परत पाठवून मी नवी फाइल उघडली.

संध्याकाळी कुटुंबाची बैठक झाली. सूनबाईंना फोटो बघून घर सजवण्याचा अभ्यास आहे. त्या म्हणाल्या, "बाबा, दांडीला माझी ना नाही. पण नळ चंदेरी, दाराची कडी पितळी, आणि दांडी तिसऱ्याच रंगाची? सुटावर रबरी चपला घातल्यासारखं दिसेल."

"एकदाच करायचंय तर नीट करू," चिरंजीव म्हणाले. घराघरांतल्या सत्यानाशाची कागदपत्रे तपासली, तर पहिल्या पानावर हेच वाक्य सापडेल.

दांडीबरोबर नळ बदलायचा ठरला. नळाबरोबर टॉवेलचा आकडा, आकड्याबरोबर दाराची मूठ. मग एकाच दाराला नवी मूठ शोभेना, म्हणून पाचही दारांना. दारांपुढे स्वयंपाकघरातले खण केविलवाणे दिसू लागले, म्हणून खणांच्या मुठी आणि बिजागऱ्या. बैठक संपली तेव्हा यादीत त्रेसष्ट बाबी होत्या. दांडी एकेचाळिसावी होती, आणि आधीच्या चाळीस ठरल्याशिवाय तिचा विचार करणे पद्धतीला सोडून झाले असते.

"आणि तोवर मी काय धरू?" आईने विचारले.

तोवर आईने नळ धरावा, असा ठराव संमत झाला. पुढच्याच आठवड्यात, छटा जुळवून पाहण्यासाठी जुना नळ काढून दुकानात न्यावा लागला. तेव्हा आईने बादली धरावी, अशी दुरुस्ती करण्यात आली. बादली भरलेली असे तोवर आधार भक्कम होता. स्नान जसजसे पुढे जाई तसतसा तो हलका होत जाई.

दुकानाला दुकान म्हणायचे नव्हते. ते 'अनुभव दालन' होते. आम्ही आईलाही बरोबर नेले, कारण प्रत्यक्ष वापर करणाऱ्याचे मत घ्यावे असे मला शिकवलेले आहे. दालनात अकरा सुंदर खुर्च्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीवर आडवी रेशमी फीत बांधलेली होती. आई सव्वा तास उभी राहिली.

तिथला सल्लागार हा गळ्यात मोजपट्टी घातलेला, अतिशय हळू बोलणारा तरुण होता. त्याने आम्हाला लांबी-रुंदी काहीच विचारली नाही. "आपल्या घराचा स्वभाव कसा आहे?" एवढेच विचारले.

"तापट," सौभाग्यवती म्हणाल्या.

"मग शांत छटा घेऊ. आता सांगा, आपली दांडी पाहणाऱ्याशी काय बोलली पाहिजे?"

"दांडीनं बोलू नये," आई म्हणाली. "दांडीनं हलू नये."

सल्लागार हसला. सूनबाई त्याच्याकडे बघून, माफी मागितल्यासारख्या हसल्या. मीही हसलो. आज फाइल चाळताना लक्षात येते, की त्या सव्वा तासात उच्चारले गेलेले ते एकमेव तांत्रिक विधान होते.

दोन महिन्यांत चाळीस बाबी मार्गी लागल्या. खणांना मुठी नसाव्यात अशी नवी रीत असल्याने, मुठींचे चौदा नमुने पाहून झाल्यावर मुठीच रद्द झाल्या. आता खण दाबला की उघडतो; कुठे दाबायचा हे ज्याने बसवला त्याला ठाऊक. आईच्या गुडघ्याच्या गोळ्या ज्या खणात होत्या, तो तिसऱ्या दिवशी सापडला. नवा नळ भिंतीत लपणारा आला; त्यात धरण्यासारखे काही नव्हते. दारांना सावकाश मिटणाऱ्या बिजागऱ्या आल्या. कमोडवर ऊबदार आसन आले आणि त्यावर बसल्या बसल्या सौभाग्यवतींना इतकी शांत झोप लागू लागली, की सकाळी दाराबाहेर रांग लागायची.

न्हाणीघरात माणसाची चाहूल लागताच आपोआप लागणारा दिवा बसवला. हे सोयीचे शिखर होते. मात्र आईची हालचाल इतकी सावकाश होती, की दिवा तिला जमेस धरत नसे. अंगाला साबण लागला की अंधार होई. मग आतून आवाज येई, "अरे, मी आहे!" आणि ती हात हलवी, की दिवा लागे. म्हणजे एक हात बादलीवर आणि दुसरा दिव्यापुढे हजेरी लावण्यात गुंतलेला. न्हायला तिसरा हात निसर्गाने दिलेला नाही, यात निवड समितीचा दोष नव्हता.

अखेर बाब क्रमांक एकेचाळीस आली. दांडी आणून टेबलावर ठेवली. ती खरोखर देखणी होती. मंद, धुरकट, संध्याकाळी शेवटचा उजेड जावा तशी तिची छटा होती. आईने ती उचलून पाहिली, मुठीत धरून पाहिली आणि म्हणाली, "छान आहे रे. लाव आता."

मिस्त्रींना पुन्हा बोलावले. ते पिशवी ठेवून म्हणाले, "किती उंचीवर?"

हा प्रश्न मी अंदाजावर सोडलेला नव्हता. आधाराची दांडी कोपराच्या उंचीला असावी, हे तत्त्व घेऊन मी घरातल्या पाचही जणांची मोजणी केली होती. चिरंजीव एकशे आठ सेंटिमीटर, मी एकशे दोन, सूनबाई शंभर, सौभाग्यवती सत्त्याण्णव. आईचे कोपर मात्र अठ्ठ्याहत्तरवर भरले. बाकीच्या नोंदींशी जी नोंद मुळीच जुळत नाही, ती मोजणीतली चूक समजून वगळावी आणि उरलेल्यांची सरासरी काढावी, असे आम्हाला पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला शिकवले होते. मी आईची नोंद वगळली. सरासरी आली एकशे एक पूर्णांक पंचाहत्तर शतांश.

मिस्त्रींनी कागद पाहिला, मग आईकडे पाहिले. "साहेब, दांडी धरणार कोण?"

"कुटुंब."

"कुटुंबातलं कोण?"

"मिस्त्री, एका माणसासाठी भिंतीला भोक पाडायचं नसतं."

"आजी तिथं लटकतील साहेब. टेकतील कशा?"

"आणि इकडच्या भिंतीवर नको हं," सूनबाई म्हणाल्या. "इथे फरशीची नक्षी तुटते. समोरच्या भिंतीवर अगदी मधोमध येईल."

समोरची भिंत स्टुलापासून दोन पावलांवर होती. म्हणजे आधारापर्यंत जाण्यासाठी आईला नेमकी तीच दोन पावले बिनआधाराची टाकावी लागणार होती, ज्यांच्यासाठी आधार मागितला होता. मिस्त्रींनी हे बोलून दाखवले. मी ते 'सूचना' या रकान्यात नोंदवून घेतले.

भोके पाडून झाली आणि मग, स्क्रू आवळण्याआधी, मी निर्मात्याची माहितीपुस्तिका वाचायला घेतली. प्रत्येक वस्तूची पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचण्याची मला सवय आहे. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात दोन सूचना होत्या. एक: छटेच्या संरक्षणासाठी वस्तू ओलाव्यापासून दूर ठेवावी. दोन: उघड्या हाताने वारंवार स्पर्श टाळावा; बोटांचे डाग कायमचे राहतात.

मी त्या दोन्ही मोठ्याने वाचून दाखवल्या.

"म्हणजे न्हाणीघरात ओल्या हातानं धरायची दांडी," मिस्त्री सावकाश म्हणाले, "न्हाणीघरात ठेवायची नाही, आणि हातानं धरायची नाही."

"नियम तो नियम," मी म्हणालो. "नाहीतर हमी रद्द होते."

त्याच दुपारी दांडी दिवाणखान्यात, सोफ्याच्या मागच्या भिंतीवर, एकशे एक पूर्णांक पंचाहत्तर शतांश सेंटिमीटरवर बसवण्यात आली. उंची इथे अचूक ठरली. उभ्या माणसाची नजर सहज पडते. सूनबाईंनी वरून एक छोटा दिवा सोडला. न्हाणीघरातल्या चार भोकांना जुळत्या रंगाची बुचे बसवली.

जाताना मिस्त्रींनी तो जुना हातभर पाइप पुन्हा बाहेर काढला. "आजींसाठी लावून जाऊ का? पैसे नकोत."

आई माझ्याकडे पाहत होती. मला वाटते, त्या एका क्षणी ती खरोखर आशेवर होती.

"एवढं सगळं करून शेवटी पाइप?" चिरंजीव म्हणाले. "बाथरूमचं हसं होईल."

मी फाइल मिटली. आईने बादली उचलली.

अकराव्या दिवशी आई पडली. दिवा विझला, तिने हात हलवायला उचलला, रिकामी बादली सरकली, आणि उजव्या खुब्याचे हाड मोडले. सावकाश मिटणारे दार कधीच पुरते मिटत नसल्याने तिची हाक बाहेर यायला फट शिल्लक होती, हे या ठिकाणी नमूद केले पाहिजे. सुधारणा अगदीच वाया गेल्या नाहीत.

दवाखान्यातल्या तिच्या खाटेला दोन्ही बाजूंनी लोखंडी दांड्या होत्या. रंगाचे पोपडे उडालेले, एका ठिकाणी चिकटपट्टी गुंडाळलेली. मी भेटायला गेलो तेव्हा ती एक दांडी मुठीत घट्ट धरून पडली होती. दांडी हलत नव्हती.

"बघ," ती म्हणाली. "अशीच हवी होती."

मी वाकून पाहिले. छटा कोणतीच नव्हती. सवयीने मी खिशातून मोजपट्टी काढली. तिने ते पाहिले आणि डोळे मिटून घेतले. मोजपट्टी मी परत खिशात ठेवली.

आता आई घरी आहे. आतल्या खोलीत असते. दिवसातून चार वेळा तिला उठवून बसवावे लागते आणि त्यासाठी कुणाचा तरी हात लागतो. जे तिला नको होते ते सगळे आता दिले जाते, वेळापत्रकानुसार. समाचाराला माणसेही पुष्कळ येतात. येणाऱ्यांची नोंद मी ठेवली आहे. आजवर एकवीस जण आले. दारातून आत येताच सगळे सोफ्यामागच्या भिंतीपुढे थांबले. एकवीसपैकी एकोणीस जणांनी दुकानाचा पत्ता मागून घेतला. "आमच्याकडेही सासूबाईंसाठी बाथरूमचं करायचंच आहे," असे त्यांतल्या सहा जणांनी सांगितले, आणि मी त्यांना माझ्या कोपर-मोजणीच्या तक्त्याची प्रत दिली. चहा होईपर्यंत उशीर होतो, त्यामुळे आतल्या खोलीपर्यंत फारसे कुणी पोचले नाही.

आपणही केव्हातरी याल. समाचाराला म्हणून याल, तर दांडी जरूर पाहावी. फक्त तिला हात लावू नये. हात धरायचाच असेल तर आत आईचा आहे. तो अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटरवर मिळतो, त्याला डाग पडत नाहीत, हमीची अट नाही. पत्ता विचारायची गरज नाही. सोफ्यापासून तो फक्त दोन पावलांवर आहे.