कॉप्टिकच्या डोक्यावरची रेघ

परक्या माणसांपुढे गुरुदत्तला हल्ली आई नको असायची. अंबरनाथची त्याची कंपनी बंद पडून वर्ष झालं होतं. वर्षभर त्याने आईच्या, गोजरबाईंच्या, हातचं बसून खाल्लं, आणि मुंबईच्या एका कचेरीने पुढच्या खोलीत कॉम्प्युटर आणून ठेवल्याबरोबर म्हणाला, "आई, तू आत बस. इथे धूळ चालत नाही." धूळ कोण, ते त्यांना कळलं. दुसरीपर्यंत शिकल्या होत्या, तेवढं पुरतं.

काम होतं कॉप्टिक लिपीचं. इजिप्तमधल्या ख्रिस्ती लोकांच्या जुन्या प्रार्थना. झेरॉक्स पानं बघून एकेक अक्षर कॉम्प्युटरात भरायचं. कुठल्या अक्षराला कुठलं बटण, याचा तक्ता भिंतीवर डकवला होता. सून मीनल टाइप करायची, आणि बी.कॉम. झालेला गुरुदत्त तपासायचा. नमुन्याची दहा पानं पास झाली तर तीन वर्षांचं काम घरात. नाहीतर कॉम्प्युटर परत आणि गुरुदत्तही परत खाटेवर.

पहिली पानं छापून झाली तेव्हा गोजरबाईंनी ती तांदूळ निवडावे तशी मूळ पानांशेजारी धरून पाहिली. मूळ पानात काही अक्षरांच्या डोक्यावर बारीक रेघ होती. छापलेल्यात ती कुठेच नव्हती. त्यांनी तसं सांगितलं.

"तो झेरॉक्सचा कचरा आहे," गुरुदत्त म्हणाला. "तुला त्यातलं काय कळतं?" पानं तशीच मुंबईला गेली.

चार दिवसांनी शेजारच्यांच्या फोनवर कचेरीतल्या चिंतामणी साहेबांचा निरोप आला. रेघा गाळल्या आहेत, शनिवारी मी स्वतः येतो, ही शेवटची संधी. गुरुदत्तने घाबरून तक्ता पुन्हा वाचला. अगदी तळाशी रेघेचं वेगळं बटण निघालं. मग त्याने डोकं चालवलं, आणि तिथेच घात झाला. आपल्या मराठीत सगळी अक्षरं रेघेलाच लटकतात, तशीच ह्यांचीही असणार; मूळ छापणाऱ्याने आळस केला असेल. मीनलने तीन दिवस प्रत्येक अक्षराला रेघ दिली. तिची बोटं सुजली. गोजरबाई पुन्हा काही सांगायला गेल्या, तर त्याने दार लोटून घेतलं.

शनिवारी चिंतामणी साहेबांनी पानं पाहिली आणि चष्मा काढून ठेवला. ही अक्षरं कुणी दोरीवर वाळत घातली, असं त्यांनी विचारलं.

"आईने," गुरुदत्त म्हणाला. "अडाणी बाई आहे, साहेब. मी बाहेर गेलो की मीनलला काहीबाही सांगते. हिलाही ऐकावं लागतं."

मीनलने सुजलेली बोटं मुठीत लपवली. गोजरबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच होत्या. साहेबांनी त्यांना खरं-खोटं विचारलं. त्यांनी ट्रे खाली ठेवला, मूळ पान उचललं आणि छापलेल्या पानावर बोट फिरवलं. "ह्याच्यावर आहे. ह्याच्यावर नाही. ह्याच्यावरही नाही. ही रेघ खरी." अख्खं पान त्यांनी असं तपासलं. साहेब मुंबईहून आणलेल्या शुद्ध प्रतीवर खुणा करत गेले. एकही चुकली नाही.

"मावशी, हे वाचता येतं तुम्हाला?"

"वाचायचं कशाला? दिसतं ते सांगते."

साहेबांनी चहा संपवला. काम इथेच राहील म्हणाले, पण प्रत्येक पान आधी मावशींच्या बोटाखालून जायला हवं. गुरुदत्तकडे त्यांनी जातानाही पाहिलं नाही.

ते जिना उतरल्यावर गुरुदत्तने कॉम्प्युटरसमोरची खुर्ची स्वतः पुसली. "बस आई. बरं झालं, सांभाळून घेतलंस."

गोजरबाई खुर्चीत बसल्या आणि पानं मांडीवर घेतली.

"तुला नाही सांभाळलं. ह्या पोरीची बोटं फुकट जायला नकोत म्हणून तुझ्या खोट्यावर गप्प राहिले. कागदाचं काय, तो पुन्हा टाइप होतो. तू नापास झालास, गुरुदत्त."