आंबट की विषारी

मी तांडेल सरांच्या हातात पहिल्यांदा राजीनामा दिला, तेव्हा त्यांनी तो वाचलासुद्धा नाही. घडी करून टेबलावर ठेवला, वर काचेचा मोठा बीकर पालथा घातला आणि त्यावर चिकटपट्टी लावून वेळ लिहिली, सव्वाअकरा. "उद्या याच वेळेला उघडू," म्हणाले. दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला माझा राग केव्हाच उतरला होता. कागद मी मुकाट्याने फाडला. असे माझे एकूण तीन राजीनामे त्या बीकरखाली मुरले आहेत.

आमची लॅब भाईंदर पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आहे. कारखान्यातलं रसायन पाण्यात गेलं तर मासे जगतील का, हे आम्ही खरोखरचे मासे ठेवून तपासतो. बोटभरही नसलेले, पट्ट्यापट्ट्यांचे मासे. तांडेल सर तिथले सगळ्यात जुने, आणि त्यांचा जीव पाणी लागताच धुमसणाऱ्या रसायनांवर. ही रसायनं बाटलीत एक असतात आणि पाण्यात पडली की भलतंच काही होऊन बसतात. "बाटलीवरचं नाव वाचू नका, पाण्यात पडल्यावर बोला," हे सरांचं पालुपद. मासे पटापट मेले तरी ते लगेच विषाचा शिक्का मारत नाहीत. पाण्यात झालेलं ॲसिड मोडून काढतात, म्हणजे न्यूट्रल करतात, पाणी दिवसभर तसंच ठेवतात आणि पुन्हा नवे मासे सोडतात. त्यानंतरही मेले तर विष, जगले तर नुसताच आंबटपणा.

माणसांनाही हाच नियम. त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी गेली कित्येक वर्षं सगळ्यांवर खेकसतात, पण सर त्यांच्याबद्दल म्हणतात, "आंबट आहे, विषारी नाही." आमच्याकडे नवा मॅनेजर आला आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना फैलावर घेऊ लागला, तेव्हा सर त्याला केबिन रोडवर घेऊन गेले आणि पाव किलो जिलेबी खाऊ घातली. परत आल्यावर आम्हाला हळूच म्हणाले की न्यूट्रल झालाय, आता उद्या बघू. दुसऱ्या दिवशी तो मॅनेजर बराच बरा वागला.

सर मूळचे इथल्याच किनाऱ्यावरच्या पालीचे, कोळ्याच्या घरातले. पण टेस्ट चालू असली की चार दिवस मासे खात नाहीत. ज्यांना ऑफिसात ड्युटीला लावलं त्यांचीच भावकी घरी तळायची, हे त्यांना बरं दिसत नाही. त्यांची नेहमीची मासेवाली त्यांना पापलेट दाखवण्याआधी विचारते, "काय, मोकले हाय का आज?"

तर अशा या माणसावर माझा मनापासून राग होता, तोही पूर्ण चार दिवस.

झालं असं की, माझा नवरा जिथे पॅकिंगला आहे त्या कारखान्याचं रसायन आमच्याकडे तपासायला आलं. पाण्यात टाकलं की पांढरा धूर ओकणारं. ते विषारी ठरलं तर युनिट इथून उचलून गुजरातला न्यायचं, असं मालकांनी ठरवलं होतं. माझी नोकरी, मुलीची शाळा, सासूबाईंची औषधं इथेच. नवरा तिकडे जाणार कसा आणि इथे राहून करणार काय? पहिल्या फेरीत तासाभरात सगळे मासे उलटे झाले.

सरांनी त्यांच्या रीतीप्रमाणे ॲसिड मोडलं, पाणी दिवसभर ठेवलं आणि नवे मासे सोडले. मग माझ्याकडून माशांच्या खोलीची किल्ली मागून घेतली. "तुमच्या घरचा प्रश्न आहे. निकाल लागेपर्यंत तुम्ही आत यायचं नाही." बस, एवढंच. धीराचा एक शब्द नाही. मी रोज विचारायचे, सर रोज म्हणायचे की चौथ्या दिवशी कळेल. माणूस आहे की थर्मामीटर, असं मी नवऱ्याला सांगत होते. तो बिचारा जेवण अर्धं टाकून उठायचा.

चौथ्या दिवशी सकाळी मी दाराबाहेर जाऊन उभी राहिले. आतून सरांचा आवाज येत होता. वाटलं फोनवर असतील. दाराच्या काचेतून पाहिलं तर सर टाकीवर वाकलेले, फोन कुठेच नाही, आणि कधी आमच्यासमोर न काढलेल्या गावच्या बोलीत माशांशी बोलत होते.

"मरायचंच असंल तं मर गो बाय, मी काय खोटं लिवनार न्हाय. पन उगाच मरू नको. त्या पोरीचा नवरा तिथं कामाला हाय. चार दिस झाले, तिचं तोंड बघवत न्हाय मना."

मी पाऊल न वाजवता मागे आले. चार दिवस ज्या माणसाला मी नावं ठेवत होते, तो माझ्यासाठी माशांना गळ घालत होता. मला स्वतःची फार लाज वाटली.

साडेअकराला सर बाहेर आले, नेहमीसारखे ताठ. शुद्ध भाषेत म्हणाले, "एकही मासा मेलेला नाही. सांडपाण्यातलं ॲसिड मोडूनच ते बाहेर सोडायचं, अशी अट मी लिहिली आहे. युनिट हलवायचं कारण नाही." मी जिन्यातच बसले आणि नवऱ्याला फोन लावला. माझ्या रडण्यावरूनच त्याला कळलं, आणि तो तिकडे हसायला लागला.

दुपारी मी माशांच्या खोलीत डोकावले. सर टाकीसमोर एकटेच डबा उघडून बसले होते. सरांच्या पत्नीला जाऊन तीन वर्षं झालीत, मुलगा परदेशात, सून बंगाली. ती बोली घरात बोलायला त्यांना आता कुणीच उरलेलं नाही, हे माझ्या तेव्हा कुठे ध्यानात आलं. मी माझा डबा घेऊन आत गेले.

सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पायाने स्टूल पुढे सरकवलं.

"बस गो," म्हणाले.