ओल्या धूपाची शेड

शनिवारी सकाळी सतरंजी काढायला सुभद्राबाई माळ्यावर चढल्या आणि खोकं घेऊन खाली उतरल्या. खोक्यात चार डब्या. एकीवर गुलाबाचं चित्र, एकीवर पुदिन्याचं, एकीवर विड्याच्या पानाचं, एकीवर सफरचंदाचं. आत काळपट, चिकट, गोड वासाचा गोळा. सोबत नारळाच्या करवंटीच्या कोळशाचं पाकीट.

"योगराज, काय शे रे हाई?"

योगराज सुरतेजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर बसायचा. खोक्यात हुक्क्याचे फ्लेवर होते. मित्राच्या वाढदिवसासाठी त्याने आणून ठेवले होते. तंबाखू नसलेले आणले होते, एवढंच काय ते त्याच्या मनाचं समाधान. काचेचं भांडं आणि नळी मित्राकडे होती, हे नशीब.

"धूप शे, माय," तो म्हणाला. "ओला धूप. उद्याना कीर्तनकरता लयनू."

दारात चप्पल काढत असलेल्या चिंधाआबांनी हे ऐकलं आणि एक चप्पल पायातच राहिली. तेवीस वर्षांच्या आयुष्यात पोराने देवासाठी काही आणलं, ही पहिलीच वेळ. आबांनी उपरण्याने डोळे पुसले. आता खरं सांगणं म्हणजे त्या उपरण्याचा अपमान.

उद्याच्या कीर्तनावर आबांचं बरंच काही टांगलेलं होतं. आपल्या नवागाम वस्तीत सात दिवसांचा सप्ताह बसावा, असं त्यांनी चार वर्षं मनात धरलं होतं. कीर्तनकार सुकदेव महाराज मात्र सप्ताह घ्यायला तयार नव्हते. गेल्या वर्षी रात्रपाळी करून आलेली मंडळी थेट कीर्तनाला बसली आणि पहिल्या अभंगातच निम्म्या माना कलल्या. भटू तर मृदंगाच्या ठेक्यावर घोरला. "आबा," महाराज जाताना म्हणाले होते, "मी कीर्तन करतो, अंगाई गात नाही. पुढच्या वर्षी जागी माणसं दिसली, तर सप्ताहाचं बोलू."

म्हणून आबांनी तो धूप मनावर घेतला. पांडेसऱ्याच्या डाइंग हाउसमध्ये ते वीस वर्षं कलर मास्टर. गिऱ्हाइकाने चिंधी दाखवली की रंगांचे टक्के काढून तोच रंग, तीच शेड कापडावर आणायची, ही त्यांची हातोटी. दुपारी स्वयंपाकघरातला वजनकाटा ओट्यावर आला, धुपाटणं पेटलं आणि नमुने सुरू झाले.

पहिला नमुना, गुलाब आणि सफरचंद समसमान. सुभद्राबाई म्हणाल्या, "खोकलानं औषध सांडनं का?"

दुसऱ्यात आबांनी पान वाढवलं. शेजारच्या शांताबाई खिडकीतून डोकावल्या. "सुभद्रा, घरात पानाची टपरी टाकली का गं?"

योगराज कोपऱ्यात बसून हे सगळं सोसत होता. अखेर त्याला राहवलं नाही. "आबा, पान फार उग्र असतं. पहिल्यांदा बनवणाऱ्याने पुदिन्यापासून सुरुवात करावी."

"तुले काय समजस धूपमा?" आबा म्हणाले. पण माणूस कारागीर होता. त्यांनी पुदिना वाढवला, हुंगलं, अजून वाढवला. शेवटी सत्तर टक्के पुदिना, वीस टक्के गुलाब आणि हात आवरला नाही म्हणून दहा टक्के पान, अशी शेड पास झाली.

रविवारी दहा वाजता मंडप भरला. मंडळी पाळीवरून आली होती, डोळे तांबारलेले. आबांनी चार कोपऱ्यांत चार धुपाटणी ठेवली. महाराजांनी अभंग घेतला आणि तोवर धूर रांगांमध्ये पसरला. कललेल्या माना हळूहळू सरळ झाल्या. भटूने डोळे चोळले आणि धुपाटण्याकडे सरकून बसला. त्याला पाहून आणखी चौघे सरकले. मागच्या रांगा पुढे आल्या.

निरूपणाचा विषय होता व्यसन. महाराज रंगात आले. "अरे, माणूस धूर ओढतो, की धूर माणसाला ओढतो? सोडा तो धूर." साऱ्या मंडपाने माना डोलावल्या आणि एकदमच खोल श्वास घेतला. असं एकचित्त श्रवण नवागामाने कधी पाहिलं नव्हतं. टाळकरीसुद्धा लयीत श्वास घेत होते.

महाराज मध्येच थांबले. नाक किंचित वर केलं. धुपाटण्याकडे पाहिलं, मग हसू दाबून पुढचं चरण धरलं.

आरतीनंतर आबा हात जोडून पुढे झाले. "महाराज, धूप पोराने आणला बरं का."

"कळलं," महाराज म्हणाले. "आबा, एकही डोळा मिटला नाही. सप्ताह घेतो." मग योगराजच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी त्याला बाजूला नेलं. "राजा, पान घालून वाट लावलीस. नवख्याला तीन भाग पुदिना, एक भाग गुलाब. आणि कोळसा पुरता पांढरा होऊ द्यायचा, नाहीतर डोकं धरतं."

"महाराज, तुम्हाला कसं..."

"वीणा गळ्यात पडायच्या आधी सहा वर्षं हॉटेलात हुक्क्यात हेच भरत होतो. सुटायला तेवढीच वर्षं लागली." त्यांनी खांदा दाबला. "सप्ताहात सातही दिवस वीणा तू धरायचीस. वीणा धरलेल्याचे हात दुसऱ्या कशाला मोकळे नसतात."

महाराजांची गाडी वळणावर दिसेनाशी झाली. आबा लगबगीने आले. "काय बोलनात रे महाराज?"

योगराजला खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. "पान नको म्हणाले. पुदिना तीन, गुलाब एक."

आबा जागीच उभे राहिले. "वीस वरीस शेड लावस मी," ते हळूच म्हणाले, "आनि त्यास्नी नुसता वासवर ओळखी लिधी." गाडी गेली त्या वाटेला त्यांनी हात जोडले. मग पोराच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "सात दिनले भरपूर लागी. चाल, चप्पल घाल. माले ते दुकान दाखाड."